खाल्लेलं कुठं जातं

पंगत उठली आणि मन्मथ सर उठले नाहीत.

नांदेडला तरोड्यात अक्काच्या, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या, सिंधूच्या नव्या घराची वास्तुशांती होती. गच्चीवर मांडव, मांडवाखाली सतरंजीच्या पट्ट्या, समोरासमोर दोन ओळी. पंगतीत आधी उठायचं नसतं. शेवटच्या म्हाताऱ्याचा ताकाचा शेवटचा घोट खाली जाईपर्यंत बाकीच्यांनी हात वाळवत बसायचं आणि मग सगळी ओळ एकदम उठते. आपल्याकडं एवढी शिस्त दुसऱ्या कुठल्या कामात सापडत नाही. जेवताना मन्मथनं शेजारच्या पाहुण्याला आहारावर बरंच काही सांगितलं होतं. लातूरच्या मोठ्या नीट-क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाकडून लोक तेवढी अपेक्षा ठेवतातच. कमी खा, चावून खा, रात्रीचं बंद करा, माझ्याकडं बघा. पाहुणा त्याच्याकडंच बघत होता. मधूनमधून वाढप्याला हाक मारून मन्मथच्या पानात पोळी वाढायला सांगत होता, कारण कमी खाण्याचे फायदे ऐकता ऐकता मन्मथच्या पानातल्या पोळ्या सारख्या संपत होत्या. मग म्हाताऱ्याचं ताक संपलं, ओळ उठली, मन्मथनं डावा हात टेकवला आणि मांड्यांना उठायला सांगितलं. दुखलं नाही. मुंग्याही आल्या नव्हत्या. ओळखीच्या घरापुढं उभं राहून हाक मारावी आणि आतून ओ येऊ नये, तसं झालं.

"काय साहेब, दुसऱ्या पंगतीला पण बसायचं का?" किशनदाजी म्हणाले. अक्काचे यजमान ते, मेव्हण्याची थट्टा करणं हे आपलं सरकारी काम समजतात. लोक हसले. मन्मथही हसला आणि म्हणाला, "बसतो जरा, हवा छान आहे." एप्रिल महिना, भर दुपार, नांदेड. कुणी वाद घातला नाही. लोक हात धुवायला गेल्यावर तो आधी रांगल्यासारखा ओणवा झाला, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, पुन्हा पहिला मांडीवर थोडा वर, असा स्वतःच्याच अंगावरून चढत चढत उभा राहिला. उभा राहिल्यावर समोर अक्का दिसली. तिच्या हातात ताकाची बादली होती आणि ती जिथं होती तिथंच थांबली होती.

"माय अशीच उठायची," ती म्हणाली. मग बायकांची पंगत बसत होती म्हणून वाढायला गेली.

निघताना ती फाटकापर्यंत आली. "दवाखान्यात दाखीव."

"अक्का, मी जीवशास्त्र शिकवतो."

"हाव. म्हणून तर म्हणायले मी."

लातूरच्या एसटीत त्याला खिडकी मिळाली. खिडकीतून आत येणारी झळ इतर प्रवाशांना नको होती आणि त्याला आतली झळ नको होती, त्यामुळं खिडकी उघडी राहिली. गेले काही महिने असंच चाललं होतं. जानेवारीत तो पंखा लावायचा, बायको, वर्षाराणी, उठून बंद करायची, तो परत लावायचा, शेवटी ती रजई घेऊन दुसऱ्या खोलीत गेली आणि त्यानं याला स्वभावांमधला फरक असं नाव दिलं. त्याचं वजन उतरत होतं. आपल्याकडं वजन उतरलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात लोक विचारतात, काय झालं, आणि तो ठणठणीत दिसला तर दुसऱ्या महिन्यात विचारतात, काय केलं. मन्मथनं काहीच केलं नव्हतं. पण विचारणाऱ्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं, म्हणून तो एकदा म्हणाला, ज्वारीची भाकरी आणि शिस्त. त्या उत्तरावर हळूहळू त्याचाच विश्वास बसला. स्टाफरूममध्ये भाकरीची लाट आली. रसायनशास्त्राचे व्यंकटी सर डब्यात मुगाची उसळ आणू लागले. भौतिकशास्त्राच्या निवृत्ती सरांनी साखर सोडली, पण त्यांचं पोट गुरुत्वाकर्षणाच्या बाजूनंच राहिलं. मन्मथ त्यांना संयमाबद्दल सांगायचा आणि त्यांचे उरलेले डबे संपवायचा. यातली विसंगती एवढ्या शास्त्र शिकवणाऱ्यांपैकी कुणालाही दिसली नाही, कारण सगळे दुसऱ्याचं पोट बघत होते.

खरी गोष्ट वजनाची नव्हती. खरी गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. अठ्ठेचाळीस वर्षं तो एक मंद माणूस होता. आवाज सपाट, बोलणं सावकाश. मुलं त्याच्या तासाला झोपायची आणि त्याला ते माहीत होतं, आणि मुलांना ते माहीत आहे हेही त्याला माहीत होतं. मग गेल्या दिवाळीनंतर आत कुणीतरी सगळे दिवे लावले. शब्द आपोआप येऊ लागले, विनोद येऊ लागले, एका तासात तो एक धडा संपवून दुसरा उघडू लागला, हात हवेत, आवाज मागच्या बाकापर्यंत. मुलं टाळ्या वाजवायची. क्लासचे संचालक सुदर्शन सर काचेतून बघायचे. त्यांनी त्याला सर्वांत हुशार पोरांची तुकडी दिली आणि ट्युशन एरियात, चौकात, त्याचा फोटो लावला: हाताची घडी, गालांची हाडं वर आलेली, डोळे मोठे, खाली 'शिस्त म्हणजेच यश'. "सर, तुमचा चेहरा आता चालायला," सुदर्शन म्हणाले होते. पालक म्हणायचे, सरांची नजर कडक आहे. मन्मथ संध्याकाळी मुद्दाम त्या चौकातून घरी जायचा. उशिरा मिळालेल्या यशाला माणूस तपश्चर्येचं फळ म्हणतो. त्यानंही तेच म्हटलं. रात्री झोप यायची नाही, छातीत कुणीतरी घाईनं जिना चढल्यासारखं व्हायचं, पण तपश्चर्या म्हटल्यावर एवढं आलंच.

आणि तो धडा. थायरॉइडचा. दर वर्षी फळ्यावर तो गळ्यातली ती ग्रंथी काढायचा आणि सांगायचा: हिचं संप्रेरक कमी पडलं तर वाढ खुंटते. हवं तेवढं असेल तर खाल्लेल्या प्रथिनांमधला नायट्रोजन अंगात राहतो, मांस बांधलं जातं. फार झालं तर उलटं, बऱ्याचदा गळा सुजलेला दिसतो, आणि शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खायला लागतं, कितीही खा, नायट्रोजन युरियाच्या रूपानं लघवीवाटे निघून जातो. येतो त्यापेक्षा जातो जास्त. ऋण संतुलन. पर्याय क. यंदा हा धडा त्यानं असा शिकवला की मुलं उभी राहिली होती. शिकवताना त्याचा हात थरथरत होता, डिजिटल बोर्डावरच्या ग्रंथीला झालर आल्यासारखी दिसत होती, आणि घामानं सदरा पाठीला चिकटला होता. पर्याय क स्वतः उभा राहून पर्याय क समजावून सांगत होता.

लोहा मागं पडलं. कंधार फाट्यावर बस थांबली, दोन बायका टोपल्या घेऊन चढल्या, आणि माय आठवली. म्हणजे ती गच्चीपासून बसमध्ये होतीच, फक्त आता शेजारी येऊन बसली. कंधारच्या अलीकडं त्यांचं गाव. गाव मायला म्हणायचं, रुक्मिणबाई म्हणजे वीज. खुरपायला गेली तर तिची पात सगळ्यांच्या पुढं. पाणी भरून, सडा टाकून, भाकरी थापून तिचं झालेलं असायचं तेव्हा चुलती डोळे चोळत उठायची. लोक चुलत्यांना सांगायचे, तुमच्या भावजयीसारखी बाई पंचक्रोशीत न्हाई. आणि तेच लोक, तीच चुलती, पाठीमागं म्हणायची, किती खाती गं बाई, आन् जातं कुठं? बाई माणसानं एवढं खावं हे घराला शोभत नव्हतं. म्हणून माय सगळ्यांचं झाल्यावर चुलीकडं तोंड करून उभ्यानं खायची, भाकरीचे मोठे तुकडे, तोंडी लावायला कोरड्यास असो नसो. अंगी काही लागायचं नाही. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घरंगळायच्या. कासार म्हणायचा, वहिनी, आता पोरींच्या मापाच्या घाला. सगळं तिला सैल होत गेलं. फक्त गळ्यातली पोत घट्ट झाली. ती तिनं पोत ओवणाऱ्या पटव्याकडून दोन मणी वाढवून घेतली, मग परत दोन. आणि चुलीपुढून उठताना हात गुडघ्यावर, मग मांडीवर, मग थोडा वर. लेकरं म्हणायची, माय जिना चढायली. एका उन्हाळ्यात छातीत धडधडतंय म्हणून ती ओसरीवर आडवी झाली आणि उठलीच नाही. मन्मथ तेव्हा दहावीत होता. लोक म्हणाले, काम करता करता गेली, पुण्यवान बाई.

सैल बांगड्या आणि घट्ट पोत. हे दोन वाक्यांत कुणी त्याला चाचणीत विचारलं असतं तर त्यानं वाचून संपायच्या आत उत्तर सांगितलं असतं. त्यानं हा धडा वीसेक वर्षं शिकवला होता आणि त्या धड्यात मायला बसायला जागा नव्हती.

लातूरमध्ये शिक्षकाला गुपचूप आजारी पडायची सोय नाही. प्रत्येक दवाखान्यात आपला एक तरी विद्यार्थी गळ्यात नळी घालून बसलेला असतो. मन्मथला डॉ. पुनम भेटली, एकेकाळी त्याच्याच तासाला दुसऱ्या बाकावर झोपायची. तिनं गळा चाचपला, हात समोर धरायला लावून बोटांवर कागद ठेवला. कागद पिंपळाच्या पानासारखा हलत राहिला. रक्त तपासलं, दुसऱ्या दिवशी बोलावलं.

"सर, तुम्हीच शिकवलंय हे."

"शिकवलंय. मला झालंय असं नव्हतं शिकवलं."

ती हसली नाही. "मांड्या आणि खांदे आधी जातात. त्याची काळजी नाही, ते परत येतं. पण हृदयाची गती बघा. हे असंच सोडलं तर एक दिवस..." विद्यार्थी शिक्षकापुढं वाक्य अर्धं सोडतात, तसं तिनं सोडलं. "गोळ्या रोज घ्यायच्या. थोड्या महिन्यांत सगळं शांत होईल."

"सगळं?"

"म्हणजे सर?"

"लघवीतला नायट्रोजन मोजायचा का?" त्यानं विचारलं, कारण जे विचारायचं होतं ते विचारता येत नव्हतं.

"कशाला सर, ते पुस्तकात असतं," पुनम म्हणाली.

गोळ्या त्यानं आणल्या आणि देवघराच्या फळीवर ठेवल्या. घेतल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. हिशोब सरळ होता आणि त्याला पूर्ण समजत होता, हीच अडचण होती. न घ्याव्यात तर मांड्या जाणार, मग खांदे, मग ओसरीवरचा तो उन्हाळा. घ्याव्यात तर आतले दिवे एकेक करून विझणार आणि विझल्यावर जो अंधारात बसलेला सापडेल तो जुना मन्मथ असेल, सपाट आवाजाचा, ज्याच्या तासाला पुनम झोपायची. टाळ्या कुणाला पडत होत्या? त्याला, की गळ्यातल्या तोळ्या-दोन तोळ्यांच्या मांसाला? आणि ते मांस त्याचंच असेल तर फरक काय पडतो? संध्याकाळी तो चौकातून गेला. फलकावरच्या माणसाचे डोळे खोबणीबाहेर येऊन बघत होते. शिस्तीचा माणूस स्वतःला जाळून उजेड पाडत होता आणि खालून जाणारे पालक पोरांना दाखवत होते, बघ.

"गोळ्या खालीच घेत नाहीस का फळीवरून?" वर्षाराणी म्हणाली. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर ती रागात असली की अरे-तुरे करते, आणि हल्ली बऱ्याचदा करते.

"घेतल्या तर मी परत तसाच होईन."

"कसा?"

"आधीसारखा."

"मग? लगीन मी आधीच्याशीच केलंय. ह्याला मी ओळखत पण न्हाई. रात्रभर पिंजऱ्यात वाघ फिरल्यावानी फिरतोस."

वाक्य चांगलं होतं, पण त्यानं निर्णय झाला नाही. बायकोच्या वाक्यानं पटलं असं कबूल करायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती. त्या रात्री तो फिरलाही. आणि फिरताना, कुठल्याही कारणाशिवाय, त्याला केळ आठवली. गावात त्यांच्या मोरीच्या पाण्यावर एक केळ होती. शेताला पाणी नव्हतं तिथं केळ कुठली असणार. पण मोरीमागं ती हत्तीच्या पायाएवढी जाड व्हायची, पानं काळीभोर हिरवी. लोक विचारायचे, खत काय घालता? काहीच घालत नव्हते. बायकांची अंघोळ, भांडी, रात्रीबेरात्री लघवी, सगळं त्या मोरीत, सगळं त्या केळीला. मन्मथ पलंगाच्या कडेवर बसला आणि त्यानं ते शिक्षकासारखं मांडून बघितलं. माय खायची. संप्रेरक तिच्या मांड्या मोडायचं. मांडीतला नायट्रोजन युरिया होऊन मोरीत जायचा. शेतकरी ज्याच्या गोणीसाठी रांगेत उभा राहतो तोच युरिया, फुकट. केळ तो प्यायची. आणि घड उतरला की अक्का आणि तो भांडून भांडून केळी खायचे. म्हणजे चुलतीच्या प्रश्नाला उत्तर होतं. जातं कुठं? लेकरांच्या अंगी लागायचं. यात भावना काही नव्हती, नुसतं रसायनशास्त्र होतं, व्यंकटी सरांनीसुद्धा मान्य केलं असतं. केळात नायट्रोजन फार नसतो, बहुतेक साखर असते, हेही त्याला माहीत होतं. पण थोडा असतो.

गावानं विजेचं कौतुक केलं. वीज कशावर चालली आहे हे कुणी बघितलं नाही. ज्यांनी काम पाहिलं त्यांनीच भाकऱ्या मोजल्या आणि दोन्ही एकाच बाईचं एकच दुखणं आहे हे कुणाला दिसलं नाही. कारण बाई काम करत होती तोवर कुणाला पाहायचं नव्हतं, आणि तिलाही, कोण जाणे, वीज म्हटलेलं आवडत असेल. हे शेवटचं त्याला आधी कधी सुचलं नव्हतं. फळीवरून त्यानं गोळी घेतली. गिळायला पाणी लागत नाही इतकी ती लहान होती, तरी तो तांब्याभर पाणी प्यायला.

मग उन्हाळा गेला, पाऊस झाला, आणि दिवे खरंच विझले. एकदम नाही. आधी पंखा बंद राहू लागला, वर्षाराणी रजई घेऊन परत आली. मग विनोद उशिरा येऊ लागले, तास संपल्यावर, जिन्यात. हात हवेतून खाली आले. सुदर्शन सर काचेतून बघून गेले आणि चहा मागवून म्हणाले, "सर, एनर्जी जरा डाऊन वाटायली. पोरांचा फीडबॅक आहे, बाकी काही नाही." हुशार पोरांची तुकडी सत्यम सरांकडं गेली, सव्वीस वर्षांचा मुलगा, पळत पळत शिकवतो. मन्मथला दुपारची तुकडी मिळाली, जेवून आलेली पोरं. चौकातला फ्लेक्सचा फलकही उतरला. दसऱ्याच्या सुमारास तो निवृत्ती सरांबरोबर रेणापूरला चालला होता तेव्हा रस्त्याकडेच्या शेतात सोयाबीनच्या गंजीवर कुणीतरी तो पसरलेला दिसला. चार कोपऱ्यांवर दगड. मोठे डोळे आभाळाकडं लावून शिस्तीचा माणूस सोयाबीन राखत होता. "सर, हे तुम्ही का?" निवृत्ती सरांनी विचारलं. "नाही," मन्मथ म्हणाला, आणि खोटं बोललो असं त्याला वाटलं नाही. वजन वाढत होतं. लोक आता विचारत होते, भाकरी सोडली का.

दिवाळीआधी दुपारच्या तुकडीला तो धडा आला. मागच्या बाकावर एक मुलगा झोपला होता. मन्मथनं त्याला झोपू दिलं. ग्रंथी काढली, रेघ सरळ आली. कमी, हवं तेवढं, फार, ऋण संतुलन, पर्याय क. मुलांनी क ला गोल केलं. तिथं धडा संपत होता. पण तो प्लॅटफॉर्मवर उकिडवा बसला.

"एक बाई होती," तो म्हणाला. "कंधारकडची. लई काम करायची, लई खायची, आणि खाल्लेलं अंगी लागायचं नाही. चुलीपुढून ती अशी उठायची." त्यानं हात गुडघ्यावर ठेवला, मग मांडीवर, मग थोडा वर, असा तो उभा राहिला. पोरं हसली. झोपलेला मुलगा हसण्यानं जागा झाला. "तिच्या बांगड्या सैल होत्या आणि पोत घट्ट. सांगा, काय झालं होतं?"

"हायपरथायरॉइड," तीन-चार आवाज एकदम आले. एवढं सोपं होतं ते.

औशाहून रोज येणारी करिश्मा पहिल्या बाकावर बसते. तिनं पेन वर धरलं. "सर, असं विचारतात का पेपरला?"

"नाही विचारत."

"मग लिहायचं?"

"तुम्ही डॉक्टर झालात तर अशी बाई तुमच्यासमोर येईल. ती सांगणार नाही. तिच्याबरोबर आलेले सांगतील, बाई गुणाची आहे." त्यानं थोडा वेळ घेतला, हल्ली तो वेळ घेत असे. "लिहा."

पोरांनी माना खाली घातल्या आणि लिहू लागली. सैल बांगड्या, घट्ट पोत, मांडीचे स्नायू. करिश्मानं बाजूला लिहिलं, परीक्षेला नाही. कुणी बघत नव्हतं. मन्मथ परत खाली बसला, या वेळी मांडी घालून, पंगतीत बसतात तसा, हात मोकळे. मग मांड्यांना उठायला सांगितलं. जरा वेळ आत कुणी नव्हतं. त्यानं घाई केली नाही. मग आतून ओ आली, हळू, आळसावलेली, पण ओळखीची, आणि हात कुठंही न टेकता तो उभा राहिला.

"पुढं," तो म्हणाला. सावकाश.